बिघडवून आणलेलं घड्याळ

११ फेब्रुवारी

आशीर्वाद शेवटी देते. आधी ऐकून घे.

फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहितेय. पत्र फाडायचं झालं तरी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलंस की दोन ओळी वाचशीलच. तेवढा तरी तू माझा असशील. माझी शाळा चौथीपर्यंतची. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींवर वॉर्डाचे नंबर घालण्यापलीकडे मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी कसली, हुकूमच. 'एप्रिलमध्ये कोर्टात ये आणि जे झालं ते सांग.' त्याचं उत्तर आज देत नाही. आधी मला सांग, भिंगरीचा हात कसा आहे? कोपर पूर्ण उघडतं का? मलम नुसतं लावू नकोस, बोटानं गोल गोल दाबत चोळ. पोर रडली तरी चोळ. नाहीतर कातडं आखडतं आणि हात तसाच वाकडा राहतो. वाफेनं भाजलेल्या बायका मी जन्मभर बघितल्यात, डॉक्टरांपेक्षा जास्त नाही, पण कमीही नाही.

आणि फिटची गोळी. सकाळी आठ, रात्री आठ. तुला सांगायला नको, तरी सांगते.

इकडचं तू विचारलं नाहीस. तुझी बायको बरी आहे. कामावर जाते, येते. डाव्या हाताला जरा भाजलंय, चहा सांडला म्हणाली.

तिच्या ऑफिसच्या त्या गाडीवर मात्र संकट आलंय. भिंगरीला सांग, नको सांगूस, तुझं तू ठरव. तिकडे मंगळावर धुळीचं वादळ उठलंय. थोडंथोडकं नाही, अख्खा ग्रह झाकून टाकलाय म्हणे. गाडीच्या पाठीवर पाट्या आहेत, त्यावर ऊन पडलं तरच तिच्या पोटात काही जातं. आता ऊनच नाही.

मी विचारलं, "मग बॅटरी बदला की."

"कोण जाणार बदलायला, आई?"

"पाठवताना सुचलं नाही का हे? एवढी शिकलेली माणसं तुम्ही."

ती हसली. ऑक्टोबरात तू पोरीला घेऊन गेलास त्यानंतर पहिल्यांदा हसली, म्हणून लिहिलं. नाहीतर गाडीचं मला काय पडलंय? लोकांच्या पत्रिकेत मंगळ असतो, आपल्या तर स्वयंपाकघरातच येऊन बसला.

आशीर्वाद. भिंगरीला जास्त.

आई


१ मार्च

तुझा कागद आला. मी कोर्टात काय बोलायचं ते तू टाइप करूनच पाठवलंस. खाली माझ्या सहीसाठी रेघसुद्धा मारून ठेवलीस. हुशार. 'माझी सून निष्काळजी असून' असं त्यात लिहिलंय. बाबा रे, 'असून' म्हणत मी आयुष्यात कधी बोलले नाही. उद्या न्यायाधीशानं विचारलं, आजी, निष्काळजी म्हणजे काय, तर मी काय तोंड दाखवू?

मला जे माहीत आहे ते मी माझ्या भाषेत लिहिते. एकदाच. परत लिहिणार नाही. तुझ्या कागदाशी ताडून बघ.

मंगळावरचा दिवस आपल्यापेक्षा चाळीस मिनिटांनी मोठा. गाडी उतरली की पहिले काही महिने तिच्या माणसांना तिच्या दिवसानं जगावं लागतं. तिची सकाळ ती यांची सकाळ. म्हणजे आज सातला उठले तर उद्या सात चाळीसला, परवा आठ वीसला, असं सरकत सरकत एक दिवस भर दुपारी हिची रात्र व्हायची. आपण जेवायला बसलो की ही दात घासायची. मी म्हणायचे, तुझ्यापेक्षा वटवाघूळ बरं, त्याचा काही नेम तरी असतो. खिडक्यांना तुम्ही जाड काळे पडदे लावलेत, हिला दिवसा झोपता यावं म्हणून. घरात दिवस की रात्र कळेनासं झालं.

आणि घड्याळ. तुझ्या कागदात ते भिंतीवर आपोआप उगवल्यासारखं लिहिलंयस. गाडी उतरायच्या आधी तिच्या वाढदिवसाला तू घड्याळवाल्याकडे चार खेपा घालून एक चांगलं चालणारं घड्याळ मुद्दाम बिघडवून आणलंस, तिकडच्या दिवसाइतकं हळू चालेल असं. अख्खी दुनिया घड्याळ दुरुस्त करायला नेते, माझा मुलगा बिघडवायला नेतो, असं मी खालच्या मजल्यावर सांगितलेलं, तुला आठवत असेल. स्वयंपाकघरातलं नेहमीचं घड्याळ उतरवून तू त्याच खिळ्याला ते टांगलंस. ती रडली होती आनंदानं. तूही केवढा फुलला होतास.

आता सप्टेंबर. तू दौऱ्यावर. मी डोळ्याच्या ऑपरेशनला हॉस्पिटलात. ती ड्यूटीवरून आली, पोरीला शेजारून घेतलं, भिंतीवर बघितलं. त्या बिघडवलेल्या घड्याळात तीन. भिंगरीनं विचारलंही, आई, गोळी? ती म्हणाली, अजून वेळ आहे गं, आठला देते, खेळ तू. आणि आडवी झाली. रात्रीचे खरे आठ तेव्हाच वाजले होते. पोर खेळून कंटाळली, आपली आपण टबात जाऊन बसली, नळ सोडला आणि फिट आली. गरम पाणी चालूच राहिलं.

आवाजानं ती उठली. हॉस्पिटलात मला डोळ्याची पट्टी काढून उठवलं त्यांनी, आजी, खालच्या मजल्यावर तुमची नात आणलीय.

झालं. एवढंच मला माहीत आहे. यातलं तुझ्या कागदात काय आहे आणि काय नाही ते तू बघ. सही मी केलेली नाही. कागदावर भाजी निवडली.

तू विचारलंस, ते घड्याळ अजून भिंतीवर आहे का. आहे. मी दोनदा काढायला गेले. ती म्हणाली, "राहू दे आई. ते काढलं तर मी काय केलं ते विसरेन."

मी म्हटलं, "विसर की मग. कोणी बक्षीस देणार आहे का लक्षात ठेवल्याबद्दल?"

ऑफिसनं सगळ्यांना कधीच आपल्या वेळेवर आणलं, नेहमीसारखे नऊला जातात आणि सहाला येतात. ही मात्र घरात अजून तिकडच्या वेळेनं झोपते-उठते. जेवायचं म्हणशील तर नीट जेवते.

हे शेवटचं वाक्य खोटं आहे. खोडत नाही, कागद घाण होतो.

आई


२० मार्च

परवा तुझा फोन भिंगरीनं उचलला हे तुला तिनं सांगितलं की नाही माहीत नाही. सांगितलं नसेल तर तिला ओरडू नकोस. मी नंबर लावला होता तुझ्यासाठी. ती म्हणाली, "आजी, बाबा अंघोळीला गेलाय. कासव सापडलं का?"

गाडीला कासव तिनंच नाव ठेवलेलं. हळू चालते म्हणून. आता ऑफिसातसुद्धा सगळे कासवच म्हणतात.

मी म्हटलं, "नाही गं. झोपलंय."

"त्याला गोळी दिली का?"

मग मागून तुझा आवाज आला, कोण आहे, आणि फोन बंद.

अंघोळ तिला कोण घालतं? ती पाण्याला घाबरते का अजून? हे सांग. बाकी शिव्या घालायच्या तर त्याही घाल, पण हे सांग.

इकडे मी तुझ्या बायकोच्या ऑफिसात जाऊन आले. सकाळी निघताना खायचं न्यायला विसरते, म्हणजे विसरल्याचं दाखवते, म्हणून मी घेऊन गेले. मला वाटलं होतं काय थाट असेल. एक खोली, टेबलं, पडदे लावलेल्या खिडक्या, कपात वाळून गेलेली कॉफी. भिंतीला पाणी गळल्याचे डाग. इथून म्हणे परग्रहावर गाडी चालवतात. आमची लाँड्री बरी होती.

तिथं तिच्याबरोबर काम करणारा एक उंच पोरगा आहे, सगळे त्याला बांबू म्हणतात. त्यानं मला खुर्ची दिली. पडद्यावर एक रेघ नुसती थरथरत होती.

"हे काय?"

"काही नाही आजी. हा नुसता आवाज. अवकाशाचा. कासवानं हाक मारली तर इथं एक टोक वर येईल."

"आणि मारली नाही तर?"

"तर ही अशीच."

"मग तुम्ही काय करता?"

"बघत बसतो."

"याचा पगार मिळतो?"

बांबू हसला. मग त्यानं समजावलं. ऊन नाही म्हणून गाडी सगळं बंद करून झोपलीय. बॅटरी अगदीच तळाला गेली तर तिच्या आतलं घड्याळही बंद पडतं. मग पुढे कधी ऊन आलं आणि ती जागी झाली, तरी तिला किती वाजलेत ते कळणार नाही. ठरलेली वेळ सोडून भलत्याच वेळी हाक मारेल. म्हणून कोणीतरी सारखं ऐकत राहायला हवं. ठरलेल्या वेळेपुरतं ऐकून भागत नाही.

मी सुनेकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती. बांबूला बिचाऱ्याला काही माहीत नसावं, तो आपला सांगत होता, "म्हणजे आजी, तिचं घड्याळ चुकलं तर चूक तिची नाही ना. अंधारच होता."

तुझी बायको उठून बाहेर गेली. खायचं तसंच परत आणलं मी.

आई


१० एप्रिल

आज थोडकंच. परवा कोर्ट.

हिची वकीलबाई घरी आली होती. पायातली चप्पल दारात काढताना तिचा फोन वाजला तो जाईपर्यंत वाजतच होता. तिचं म्हणणं, घड्याळ तू आणलंस, तू लावलंस, एवढंच मी ठासून सांगायचं. गोळीबद्दल विचारलं तर म्हणायचं, मी तिथं नव्हते, मला माहीत नाही.

म्हणजे तुझा कागद घड्याळ गाळतो आणि हिचा कागद गोळी. दोघांनी मिळून एक लिहिला असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "बाई, मला माहीत आहे. सुनेनं स्वतः मला सांगितलंय."

"ते तुम्ही कशाला बोलायचं?"

"मग मला कशाला बोलावताय?"

वकीलबाईनं सुनेकडे बघितलं, म्हणजे म्हातारीला आवर असं. सून टेबलावरचे कण बोटानं गोळा करत होती. म्हणाली, "आई जे आहे ते सांगतील. मला तसंच हवंय."

"पोर जाईल हं तुमची," वकीलबाई म्हणाली. असं तोंडावर.

"माहीत आहे," ती म्हणाली.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कोणाला चावलं तरी रक्त माझ्याच तोंडात. तुला वाटत असेल आई तिच्या बाजूची झाली. तू गेलास त्या दिवशी म्हणालास, आई, चल. मी म्हटलं, गॅसवर दूध आहे. तू चिडून निघून गेलास. तुला तो बहाणा वाटला. गॅसवर दूध खरंच होतं. पण ते उतरवून मला येता आलं असतं, हेही खरं. आत बाथरूमचं दार लावून ती बसली होती. तुझ्याकडे पोर होती. तिच्याकडे कोण होतं? एवढाच माझा हिशेब. त्यात बाजू नाही.

परवा काळा शर्ट घालू नकोस. तुला शोभत नाही.

आई


१४ एप्रिल

तू माझ्याशी न बोलता गाडीत बसून गेलास, म्हणून लिहितेय.

काळाच शर्ट घातलास.

मी काय बोलले ते तू ऐकलंसच, पण मला वाटतं तू फक्त तुझ्याविरुद्धचं ऐकलंस. म्हणून परत सांगते. न्यायाधीशानं विचारलं, गोळीची वेळ कोणी चुकवली? मी म्हटलं, सुनेनं. पोरीनं आठवण केली होती तरी चुकवली. तुझा वकील खुशीत आला. मग त्यांनी विचारलं, ते घड्याळ तिथं कोणी लावलं? मी म्हटलं, मुलानं. आधीचं चांगलं उतरवून. मग हिची वकीलबाई खुशीत आली. त्यांनी विचारलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? मी म्हटलं, मी म्हटलं जरा वाकडं लागलंय, सरळ कर. त्यानं सरळ केलं.

लोक हसले. न्यायाधीश नाही हसले. बरा माणूस वाटला.

मग भिंगरीला आत नेलं. बाहेर आपण तिघं एका बाकावर, मध्ये तुझ्या वकिलाची बॅग. तुला आठवतं, त्या बाकाचा एक पाय हलत होता. तू हललास की मी हलायचे, मी हलले की ती. कोणी कोणाला हलू नको म्हणालं नाही.

पोर आत काय बोलली ते मला बाहेर आल्यावर कळलं. आईकडे जायचं का, तर हो म्हणाली. त्या घरात राहायचं का, तर नाही म्हणाली. तिथं गरम पाणी आहे. एवढंच.

पोर तुझ्याकडे. मेपासून दर दुसऱ्या रविवारी सकाळी तू तिला इथं आणायचं, संध्याकाळी न्यायचं, आणि ती इथं असेपर्यंत मी घरात असायचं. हा कोर्टाचा शब्द आहे, माझा नाही.

जाताना भिंगरीनं मागे वळून हात केला. उजवा. डावा तिनं बाहीत ओढून घेतला होता. कोपर वाकडंच आहे. मी लिहिलं होतं चोळ म्हणून.

बसमध्ये तुझी बायको माझ्या शेजारी बसली होती. मला वाटलं आता बोलेल. बोलायला हवं होतं तिनं. माझ्या तोंडून तिची पोर गेली, दोन शिव्या तरी घालायच्या. अर्धा रस्ता झाल्यावर म्हणाली, "आई, तुमचा चष्मा पुसू का? धूळ बसलीय."

पुसून दिला.

आई


२ जून

दोन रविवार झाले. तू आणली नाहीस.

पहिल्या रविवारी मी समजू शकते. पोरीला ताप आला असेल, तुला काम असेल. फोन तुला उचलता येत नाही हे मला आता पाठ आहे. दुसऱ्या रविवारी काय झालं?

ती काय करते ते सांगते. आदल्या दिवशी बाथरूममधला गरम पाण्याचा नळ तिनं प्लंबरकडून काढूनच टाकला. आता भिंतीला नुसतं बूच आहे. आम्ही दोघी गार पाण्यानं अंघोळ करतो. माझी हाडं कुरकुरतात, मी बोलत नाही. काळे पडदे उतरवून तिनं धुतले. मी म्हटलं, उतरवलेस ते बरं केलंस, पण धुतेस कशाला? तर म्हणाली, त्यांचा तंबू होईल, भिंगरीला खेळायला. सकाळी सातपासून जिन्यात चाहूल लागली की उठते. खालची बाई वर आली, कचरेवाला आला, एक चुकलेला पार्सलवाला आला. तिन्ही वेळा दार तिनंच उघडलं. अकरा वाजता मी म्हटलं, बस जरा. तर म्हणाली, "कदाचित वेळ चुकली असेल त्याची."

तुझी वेळ चुकली असेल. तुला ती अजून सवलत देते बघ.

गेल्या आठवड्यात ऑफिसनंही कासव सोडलं. वादळ ओसरलं, ऊन आलं, तरी हाक नाही. वरच्यांनी सांगितलं, आता बास, इतके महिने ऐकलं, हाक ऐकायच्या मोठ्या थाळ्या दुसऱ्या कामाला हव्यात. शेवटचा एक निरोप पाठवायचा ठरला. सूनबाईनं मला बोलावलं, का ते माहीत नाही. मी गेले. भाषण होईल, हार होतील असं वाटून जरा वैतागूनच गेले होते. तसं काही झालं नाही. बांबूनं एक बटण दाबलं. मग सगळे ती थरथरणारी रेघ बघत बसले. तिकडे निरोप पोचायला आणि उत्तर यायला लागतो तेवढा वेळ बसले. तो वेळ झाला. आणखी तेवढाच बसले. मग एकानं मनगटावरचं दुसरं घड्याळ काढलं आणि टेबलावर ठेवलं. मग दुसऱ्यानं. तिकडच्या वेळेची घड्याळं होती ती, सगळ्यांकडे एकेक. टेबलावर ढीग झाला. बांबू रडायला लागला. एवढा उंच माणूस रडताना फार वाईट दिसतो.

तुझ्या बायकोच्या मनगटावर घड्याळ नव्हतंच. तिचं भिंतीवर.

घरी आल्यावर चप्पलही न काढता स्वयंपाकघरात त्याच्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "आई, आता हे कुणाची वेळ दाखवतं?"

"कुणाचीच नाही," मी म्हटलं आणि स्टुलावर चढून ते काढलं. या वेळी तिनं अडवलं नाही. मी स्टुलावरून पडेन म्हणून माझे पाय मात्र धरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी ते घड्याळवाल्याकडे नेलं, सरळ होतं का बघायला. म्हातारा तोच आहे. म्हणाला, "मीच केलं होतं हे, तुमच्या मुलासाठी. आतलं सगळं बदलावं लागेल बाई. नवीन घ्या." मी विचारलं, बिघडवताना हे सांगितलं होतंस का त्याला? म्हणाला, त्यानं विचारलं नाही. खूप खुशीत होता.

भिंतीवर गोल पांढरा डाग राहिलाय. जेवताना ती त्याच्याकडे बघते. जेवत नाही म्हणजे.

येता रविवार तुझा आहे. आण.

आई


१७ जून

आणली नाहीस.

आता नीट ऐक, कारण मी हे एकदाच लिहिणार आणि मग लिहिणं बंद करणार आहे.

फेब्रुवारीत मी तुला लिहिलं होतं, तिच्या हाताला भाजलंय, चहा सांडला. चहा नव्हता. डावा हात, कोपरापासून खाली, भिंगरीचा आहे तिथंच. मी लाँड्रीत काढलाय जन्म, सांडलेलं आणि धरून ठेवलेलं मला वेगळं ओळखता येतं. मी काही विचारलं नाही आणि तुलाही कळवलं नाही. तू ते कोर्टात वापरलं असतंस. वापरलं असतंस ना? म्हणून कळवलं नाही. आता कोर्ट झालं, पोर तुझ्याकडे आहे, तुला जिंकायला काही उरलेलं नाही, म्हणून सांगते.

आणि ती नळ काढून टाकते, तो काही फक्त पोरीसाठी नाही. तिला स्वतःचीही भीती वाटते.

तो रविवार गेला त्या रात्री तिनं मला विचारलं, "आई, ऐकायचं कधी थांबवायचं हे कोण ठरवतं?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. भांडी घासली. पण दुसऱ्याच दिवशी मी तिला हॉस्पिटलातल्या मनाच्या डॉक्टरबाईकडे घेऊन गेले, जुन्या ओळखीतली आहे. आता दर मंगळवारी जाते. औषधं देतात. ती मी देते, वेळेवर. तिच्याबरोबर एकाच खोलीत झोपते. मला घोरायची सवय आहे, ती म्हणते चालेल.

तू वाईट माणूस नाहीस. तुला मी वाढवलंय, मला माहीत आहे. तू भित्रा आहेस. तुला वाटतं पोरीला तिच्यासमोर आणलं की तुझी बायको विचारेल, घड्याळ कुणी लावलं? ती नाही विचारणार. इतक्या महिन्यांत एकदाही, भांडणातसुद्धा, तिच्या तोंडून ते आलेलं नाही. मी सांगितलं ते न्यायाधीशाला. तिनं कुणालाच नाही.

मी येत्या रविवारी पहाटेच्या गाडीनं येतेय. राहायला नाही, उशीबिशी काढत बसू नकोस. आल्या पावली भिंगरीला घेऊन निघेन आणि संध्याकाळी मीच परत पोचवेन. तू येऊ नकोस, तुला आमच्या जिन्यात घाम फुटेल. गोळीचं मी बघेन, माझ्या मनगटावर तुझ्या बापाचं घड्याळ आहे, ते कोणी कधी हौसेनं उघडलेलं नाही. अंघोळ इथं घालणार नाही, तू घालून दे. कोपर मी चोळेन.

ते घड्याळही घेऊन येतेय. उशीच्या अभ्र्यात गुंडाळलंय. तुझं आहे, तुला परत. तिच्या भिंतीवर खूप दिवस होतं, आता काही दिवस तुझ्या भिंतीवर असू दे. मग कधी ते दोघांनी मिळून फेकायचं झालं तर मला सांगा, स्टूल धरायला मी येईन.

दार उघड. नाही उघडलंस तर आरडाओरडा करणार नाही, मला तमाशा आवडत नाही. जिन्यात बसेन. आतून भिंगरीचा आवाज येतो का ते ऐकत बसेन. दिवसभर बसेन. मला आता जमतं ते, तुझ्या बायकोनं शिकवलंय.

आशीर्वाद दारात देईन.

आई